मागं ठेवलेली बाटली

भाद्रपद लागला की माझ्या दवाखान्यात टोमॅटोच्या पाल्याचा वास येऊ लागतो. फळाचा नव्हे, पाल्याचा. टोमॅटो तोडणाऱ्या बायांच्या हातांवर एक हिरवट काळा थर बसतो, तो साबणानं जात नाही आणि त्याला उग्र, कडवट वास असतो. वारूळवाडीत, नारायणगावच्या शिवेला लागून, माझा दवाखाना आहे आणि चारी बाजूंनी टोमॅटोची रानं. बाया सरीतून उठतात आणि तशाच येतात, पोर कडेवर, अन् पोराच्या कपाळावर तोच हिरवट डाग. ताप बघायला आईनं हात लावलेला असतो ना, त्याचा. थर्मामीटर लावायच्या आधी मी तो डाग बघते. जितका दाट, तितक्या वेळा हात लागलेला आणि तितकी आई घाबरलेली, एवढा अंदाज मला आता येतो.

यंदाही तेच चाललं आहे. सकाळी कुलूप काढायच्या आधीच पायऱ्यांवर खोकला सुरू असतो. एकाचा थांबतो तोवर दुसऱ्याचा. तिकडे गणपतीच्या मांडवातला लाउडस्पीकर, इकडे हे. वाहती नाकं, लालसर डोळे, चिडलेली पोरं, आणि बाहेर धड पाऊस नाही, धड ऊन नाही. यातल्या बहुतेक पोरांना साधा व्हायरल ताप असतो. आला तसा जाणारा. तीन दिवस, फार तर पाच. त्यावर औषध असं नाही. अंग पुसायचं, पाणी पाजत राहायचं, ताप उतरायचं लाल सिरप द्यायचं आणि वाट बघायची. हे मला पदवी मिळाली त्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि तरीही, एक भाद्रपद सोडला तर, गेली वीस वर्षं यातल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या हाती मी अँटिबायोटिकची बाटली देत आले आहे. सांगायला लाज वाटते, पण आज तेच सांगायला बसले आहे.

त्या बाटलीविषयी आधी बोलायला हवं. छोटीशी बाटली, तळाला पांढरी भुकटी, गळ्याखाली एक खूण. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, जोरात हलवायचं, की गोड वासाचं औषध तयार. हे हलवणं माझ्या कंपाउंडरनं, बबनदादानं, अगदी सोहळ्यासारखं करून ठेवलं होतं. हात खांद्याच्या वर नेऊन तो बाटली अशी काही खुळखुळवायचा की बाकावरची सगळी माणसं मान वर करून बघायची. मग बाटली आईच्या हातात देताना मोठ्यानं सांगायचा, पाच दिवसांत संपवायची, उरली तर फेकून द्यायची. यातलं पहिलं वाक्य ऐकलं जायचं, दुसरं कुणाच्याही कानात शिरायचं नाही.

लोक तिला भुकटीची बाटली म्हणत. लाल सिरपाला कुणी मान दिला नाही, ते नुसतं ‘तांबडं पानी’. तांबडं पाणी दिलं की बाया ते पिशवीत ठेवायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. खरं औषध अजून यायचं आहे अशा समजुतीनं बसून राहायच्या.

माझ्या हाताला गुण आहे, अशी ख्याती पहिल्या दोन-तीन वर्षांतच झाली. ती कशी झाली हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आई पोराला पहिल्या दिवशी आणत नाही, काम बुडतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणते. मी बाटली देते. चौथ्या दिवशी ताप जातो. तो चौथ्या दिवशी जाणारच होता, बाटली नसती तरी, आणि मी नसते तरी. पण बघणाऱ्याला काय दिसतं? डॉक्टरबाईनं बाटली दिली आणि पोर खेळायला लागलं. पार आळेफाट्यापासून माणसं येऊ लागली. सुरुवातीला मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझी स्वतःची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. भाद्रपदात तिलाही ताप यायचा. घर दवाखान्याच्या मागंच, म्हणून मी तिला आतल्या खोलीतल्या खाटेवर निजवायचे आणि दोन पेशंटांच्या मधे उठून तिचं कपाळ बघून यायचे. एकदा असंच ती निजली असताना बोरी बुद्रुकची एक बाई आत डोकावली. बोरी बुद्रुक माझं माहेर, तिथल्या बायांना आत यायला परवानगी लागत नाही. तिनं विचारलं, हिला कुठलं औषध दिलंय? मी सहज बोलून गेले, काही नाही, ताप उद्या-परवा उतरेल आपोआप.

बाईनं माझ्या मुलीच्या कपाळाला हात लावून बघितलं. मग म्हणाली, “मंग आमच्याच पोरांना बाटली का वो, बाई?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या वर्षीचा भाद्रपद मी ठरवून वेगळा करायचं मनाशी घेतलं ते या प्रश्नामुळे. यापुढे साध्या तापाला भुकटीची बाटली द्यायची नाही. पोर नीट तपासायचं, आईला समजावून सांगायचं, आणि माझ्या मुलीला जे देते तेच दुसऱ्याच्या पोराला द्यायचं. काय शहाणी होते मी!

बबनदादाला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. तोही बोरीचाच, म्हणून सगळे मला बाई म्हणत तेव्हा तो ताई म्हणायचा, आणि ताई म्हटल्यावर बोलायची मोकळीक आपोआप मिळते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “ताई, थांबा म्हनायला मानूस डाक्टरकडं कशाला येईल? थांबायचं तर त्यो घरीबी थांबतो.”

मी चिडले. मग हट्टानं जास्तच समजावू लागले. शेतकऱ्यांची पोरं, म्हणून शेतातलं उदाहरण शोधून काढलं. टोमॅटोवर बुरशीचा करपा आलाय आणि तुम्ही किडीचं औषध मारलं, तर करपा जातो का? मला वाटलं, आता कसं अचूक सांगितलं. समोरचा बाप मोठ्यानं हसला. “आमी दोनीबी एकदम मारतो, बाई. ज्ये असंल त्ये मरंल.” बाकावरची सगळी माणसं हसली, बबनदादा तोंड फिरवून हसला, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. तो बाप पोराला घेऊन एसटी स्टँडपलीकडच्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरकडे गेला, हे मला खिडकीतून दिसलं.

ठकूबाई आली ती याच दिवसांत.

ती डोंगरातली, भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीतली. भाताची लावणी आटोपली की तिकडची माणसं आमच्याकडे टोमॅटोच्या तोडणीला उतरतात. सकाळी नारायणगावच्या रस्त्यावर उभी राहतात, शेतकरी टेम्पोत बसवून नेतो, आणि मग महिना-दीड महिना त्याच शेतातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा संसार. वर खाचरात भात वाढत असतं, खाली ही माणसं आमचा माल तोडत असतात. ठकूबाई बारीक चणीची, कासोटा घातलेली, फार न बोलणारी. तिच्या कडेवर पाच वर्षांची अलका. पाच वर्षांची पोरगी कडेवर, म्हणजे पाय टाकवत नव्हता. कपाळावरचा डाग दाट.

कालपासूनचा ताप, नाक वाहतंय, घसा जरा लाल, छाती स्वच्छ. कानात बॅटरी लावून बघितलं. डाव्या कानाचा पडदा किंचित गुलाबी. रडणाऱ्या पोराचा असतो तेवढाच. किमान मला तेव्हा तेवढाच वाटला. मी तांबडं पाणी दिलं आणि नेहमीचं सगळं सांगितलं.

ठकूबाईनं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “भुकटीची बाटली न्हाई का?”

मी म्हणाले, नाही लागत. तीन दिवसांत ताप जाईल. नाही गेला तर परत ये. तिनं बबनदादाकडे पाहिलं, त्यानं नजर खाली घातली. तिनं पदराच्या टोकाला एक गाठ मारली. “तीन दिस,” ती स्वतःशीच बोलली आणि पोरगी उचलली.

कान दुखला किंवा वाहिला तर तापाची वाट न बघता लगेच ये, असंही मी म्हणाले. म्हणाले असणार. सगळ्यांनाच म्हणायचे. पण ती उठत होती, दारातून पुढची बाई आत शिरत होती, तिचं पोर रडत होतं, आणि ते वाक्य मी खरंच उच्चारलं की उच्चारायचं मनात आलं, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. तो केसपेपर माझ्याकडे अजून आहे. त्यावर माझ्या अक्षरात एवढंच आहे: ताप उतरायचं औषध, तीन दिवस वाट पाहणे. कानाचं नाव नाही. कितीदा तरी काढून बघितला. अक्षर काही आपोआप वाढत नाही.

ती गेल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते. तिनं बाटली मागूनसुद्धा मी दिली नाही, आणि ती तिच्या भल्यासाठीच दिली नाही. किती नेमकं वागले मी. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली. तू कुठं राहतेस, उद्या कुठं असशील, आणि परत यायचं झालं तर कशी येशील?

दुसऱ्या दिवशी ती गौरीला म्हणून वाडीवर गेली होती. नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, तिथून पुढं दिवसातून एकदा सुटणारी एसटी, ती पायथ्याला सोडते, आणि मग वर चालत. त्या दिवसांत तिकडे धुकं इतकं असतं की शेजारचं घर दिसत नाही, चुलीवर टांगलेली धडुतीसुद्धा वाळत नाहीत. माझ्या मुलीसाठी ‘तीन दिवस वाट बघू’ म्हणजे आतली खोली, आई डॉक्टर, दर अर्ध्या तासाला कपाळावर हात. ठकूबाईला मी तेच तीन दिवस दिले आणि बरोबर काहीच दिलं नाही. वाट बघणं हेसुद्धा एक औषध आहे आणि ते सगळ्यांना परवडत नाही, हे मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती परत आली. या वेळी बरोबर नवरा होता, अलका त्याच्या खांद्यावर. लांबूनच मला दिसलं. पोरीचा डावा कान पुढं आलेला, कानामागं लाल सूज, आणि मानेवरून वाळलेला पू. दवाखान्यात आलेला वास टोमॅटोच्या पाल्याचा नव्हता.

मी ओरडले. लाज वाटते, पण ओरडले. इतके दिवस काय करत होतीस? ठकूबाई घाबरली नाही की रडली नाही. तिनं झालं तसं सांगितलं. वाडीवर पोचल्या दिवशीच तिनं जावेकडून बाटली मागून घेतली होती. रोज दोनदा पाजली. तिसऱ्या दिवशी ताप गेला. तिनं पदराची गाठ सोडली. मग गौरी झाल्या, आणि चार दिवसांनी पोरीचा कान दुखायला लागला. पुन्हा तीच बाटली पाजली. कान फुटला, वाहिला, पोरगी जरा निवांत झोपली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आतली घाण गेली. वरून कोमट तेल घातलं. पंधरा-वीस दिवस कान असाच वाहत राहिला. पाऊस लागून राहिला, एसटी दोन-तीन दिवस पायथ्यापर्यंत आलीच नाही. मग सूज आली, तेव्हा निघाले.

“कसली बाटली?” मी विचारलं.

तिनं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तळाशी बोटभर पिवळट औषध, साखर धरून घट्ट झालेलं. बाटलीला बाहेरून भाताची तुसं चिकटलेली. आणि चिठ्ठीवर निळ्या शाईत एका पोराचं नाव, दत्ता, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. अक्षर माझं. आदल्या वर्षीच्या भाद्रपदातलं.

“जावंच्या दत्त्याला तुमीच दिल्याली,” ठकूबाई म्हणाली. “बरा झाला, तवा अर्दी मागं ठिवली व्हती. बियाच्या कनगीत.”

मी पुन्हा आवाज चढवला. पाच दिवसांत संपवायची असते, उरली तर फेकायची असते, भुकटीत पाणी घातलं की ते औषध टिकत नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलतेय. “समदी कशी संपवायची, बाई? घरात पोरं हायेत. मागं नगं काय?”

बियाण्याची कणगी म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढले म्हणून मला कळतं. दिवस कितीही ओढीचे आले तरी त्या कणगीतल्या धान्याला हात लावायचा नसतो. पोरं उपाशी झोपतील, पण बियाण्याचं भात शिजत नाही. पुढच्या वर्षीचं सगळं त्यात असतं. त्या घरानं माझी अर्धी बाटली तिथं ठेवली होती, घरातल्या सगळ्यात जपायच्या जागी. ज्या काटकसरीवर त्या डोंगरातल्या पिढ्या जगल्या, तीच काटकसर त्यांनी औषधालाही लावली. मी ओरडायचं तरी कशावर?

आणि ताप तिसऱ्या दिवशी गेला होता. मी सांगितलं होतं तसाच, अगदी आपला आपण. पण माझ्या थांबण्याचा त्यात कुणाला पत्ता नव्हता. श्रेय कणगीतल्या बाटलीला मिळालं, आणि म्हणून कान दुखल्यावर तिनं माझी नव्हे, बाटलीची वाट धरली. आदल्या तीन वर्षांत दर चौथ्या दिवशी जे फुकटचं नाव मीच कमावत होते, तेच इथं उलटून आलं होतं.

उठताना ठकूबाई एकच वाक्य बोलली. त्यात राग नव्हता, उलट मला बरं वाटावं म्हणून बोलली असावी. “तुमी न्हाई दिली, पर तुमचीच व्हती.”

अलकाला आम्ही त्याच दिवशी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कानामागचं हाड खराब झालं होतं. ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलंच.

पहिल्याच दिवशी मी ताजी बाटली दिली असती तर हे टळलं असतं का? पुस्तकं म्हणतात, सांगता येत नाही. साध्या सर्दीतापाला आधीच अँटिबायोटिक दिल्यानं पुढचं काही अडतं असं नाही. मी मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. मी मान हलवली. रोज एवढी पोरं तपासताना, एका गुलाबी पडद्याचं काय होईल हे कुणाला कळतं? हे सगळं मला समजतं. समजून उपयोग होत नाही, एवढंच.

पुढच्या भाद्रपदात पहिलं तापाचं पोर समोर आलं. साधा ताप. मी कान बघितला, पडदा किंचित गुलाबी. माझा हात आपोआप लिहू लागला. बबनदादानं बाटली काढली आणि हलवली. त्यानंतर मागायचीसुद्धा गरज कुणाला पडली नाही. लोकांना वाटतं डॉक्टर अडाणीपणानं औषधं देतात, किंवा लोभानं. मी भीतीनं दिली. समोरच्या पोराच्या तोंडावर मला अलकाचा कान दिसायचा, आणि मी लिहायचे.

वर्षं गेली. दवाखान्यात फोन आला, मग बायांच्या कमरेला मोबाइल आले. लाकडी खोकी जाऊन प्लास्टिकचे क्रेट आले. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली. मंचरला एकदा आम्हा डॉक्टरांसाठी व्याख्यान होतं, एक तरुण डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता की व्हायरल तापाला अँटिबायोटिक देऊ नका. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बबनदादाचा हात हलवून हलवून दुखायला लागला. मधूनच एखादं पोर असं येतं की त्याला खरंच न्यूमोनिया असतो, ज्याच्यासाठी ती बाटली बनली ते पोर, आणि त्याच्यावर ती चालत नाही. मग दुसरी, त्याहून जालीम. मग तीही चालत नाही आणि पुण्याची चिठ्ठी. असं पोर पुण्याला गेलं की मी त्याचे जुने केसपेपर काढून बघते. पहिला भाद्रपद, भुकटीची बाटली. दुसरा, भुकटीची बाटली. सगळं माझ्याच अक्षरात.

अलका आता बावीस वर्षांची आहे. तिचा नवरा इथल्याच एका बागायतदाराकडे बारा महिने कामाला आहे, दवाखान्यापासून दोन शेतं ओलांडून त्यांची खोली. गेल्या आठवड्यात ती तिच्या अकरा महिन्यांच्या पोराला घेऊन आली. ती नेहमी माझ्या टेबलाशी तिरकी बसते, उजवा कान माझ्याकडे करून, आणि मोठ्यानं बोलते. पोराला कालपासून ताप. कपाळावर दाट डाग.

मी त्या पोराला जितकं तपासलं तितकं आजवर कुणाला तपासलं नसेल. घसा, छाती, दोन्ही कान, पुन्हा दोन्ही कान. काही नव्हतं. साधा ताप. आणि या वेळी सगळं जमण्यासारखं होतं. अलका कुठं जाणार नव्हती. ती उद्या येऊ शकत होती, परवा येऊ शकत होती, मी स्वतः दोन शेतं ओलांडून जाऊ शकत होते. सतरा वर्षांपूर्वी जे कमी पडलं ते सगळं या वेळी होतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, अलका, बाटली नको देऊ या. तीन दिवस रोज मला दाखव. थांबू आपण.

तिनं ऐकलं. डोकं हलवलं. मग, नुसती आठवण सांगावी तसं म्हणाली, “आय म्हनती, माज्या येळंलाबी तुमी थांबाच म्हनला व्हता.”

तिच्या मनात काही नव्हतं, मी तिला ओळखते. मी बबनदादाकडे पाहिलं. तो आता म्हातारा झालाय, हात कापतो. बाटली त्यानं आधीच फडताळातून काढून धरली होती. मी पेन उचललं आणि लिहिलं.

पाचव्या दिवशी ती पुन्हा आली. पोर कडेवर हसत होतं, पिशवीत माझ्यासाठी मक्याची चार कणसं. दारातूनच तिनं सांगायला सुरुवात केली, तिच्या त्या मोठ्या आवाजात. “ताप तिसऱ्याच दिशी गेला, बाई. समदी बाटली संपवली. थेंब मागं न्हाई ठिवला.” बाकावरच्या सगळ्या बाया बघू लागल्या. “तुमच्या हाताला लई गुण हाय.”

मी उठून तिच्याजवळ गेले. पोराच्या गालाला हात लावला. का कोण जाणे, त्या क्षणी मला खरं बोलावंसं वाटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी, आणि तिच्याशीच. मी हळू आवाजात म्हणाले, “अगं, तो आपोआपच गेला असता. बाटलीची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती.”

ती पोराकडे बघून हसत राहिली. मग माझ्या लक्षात आलं, मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. माझे ओठ हललेले तिला उशिरा दिसले. तिनं मान वळवली, उजवा कान माझ्या तोंडाशी आणला.

“काय म्हनला, बाई?”

सगळा बाक आमच्याकडे बघत होता. बाकाच्या टोकाला बसलेल्या बाईच्या मांडीवरच्या पोराचं कपाळ हिरवं झालं होतं.

“काही नाही,” मी म्हणाले. “जप पोराला.”

अलका गेली. टोकाची बाई उठून टेबलाशी आली आणि म्हणाली, आमालाबी तीच द्या. माझ्यामागं बबनदादा बाटली हलवू लागला.